साडेसहा कोटी वर्षांच्या पायऱ्यांवरून

पैठणचा नाथसागर काठोकाठ भरला की पाण्याची पातळी १५२२ फुटांवर पोचते. पावसाळ्यात हा आकडा मराठवाड्यातल्या शेतकऱ्यांना तोंडपाठ असतो. मीटरमध्ये मांडला तर समुद्रसपाटीपासून साधारण ४६४. पैठणहून छत्रपती संभाजीनगर पन्नासेक किलोमीटर, तिथून म्हैसमाळ आणखी चाळीस. म्हैसमाळची उंची १०६७ मीटर. म्हणजे सकाळी पैठणहून निघालेली गाडी दुपारच्या जेवणाआधी सहाशे मीटर वर चढून गेलेली असते आणि आत बसलेल्या बहुतेकांना त्याचा पत्ताही नसतो. कारण हा चढ सलग नाही. मैलोन्मैल सपाट रान, मग एक चढण, पुन्हा रान, पुन्हा चढण. आपण एका अवाढव्य जिन्यावरून वर जात असतो. त्याची एकेक पायरी इतकी ऐसपैस की तिच्यावर गावं वसली, बाजार भरले, किल्ले उभे राहिले. आणि यातली प्रत्येक पायरी कधीकाळी वाहता, धगधगता लाव्हा होती.

दख्खनचं पठार लाव्हापासून झालं हे शाळेत सगळ्यांनी वाचलेलं असतं, परीक्षेत लिहून गुणही मिळवलेले असतात. पण पुस्तकातलं ते वाक्य आणि डोळ्यांसमोर पसरलेला मुलूख यांची गाठ पडते ती सुटीच्या दिवशी, कुठे वेळेत पोचायचं नसताना, गावाकडच्या अरुंद डांबरी रस्त्याने गाडी रमतगमत नेताना. मला या आडवाटांचं वेड आहे. ते का लागावं याचं उत्तर त्या वाटांच्या खालीच पुरलेलं आहे, असं मला दिवसेंदिवस अधिकच वाटू लागलं आहे.

मोठा रस्ता जमीन आपल्याला हवी तशी करून घेतो. समृद्धी महामार्ग आपल्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातून वैजापूर, गंगापूर, संभाजीनगर असा जातो. ७०१ किलोमीटरचा हा रस्ता जून २०२५मध्ये पूर्ण खुला झाला आणि नागपूर-मुंबई प्रवास त्याने खरोखर सोपा केला. पण ताशी १२० किलोमीटरची मुभा देणाऱ्या रस्त्याला जमिनीचे लाड पुरवता येत नाहीत. टेकडी आली की कापायची, ओहोळ आला की भराव टाकायचा. गावरस्त्याचं उलटं असतं. तो बहुतेकदा जुन्या गाडीवाटेवर उभा असतो. भरल्या गाडीला जुंपलेल्या बैलांना झेपेल एवढाच चढ गाडीवाट घ्यायची, म्हणून ती डोंगराच्या पायथ्यापायथ्याने लांब वळसा घालायची. नाला ओलांडायचा तर जिथे काठ उतरता आणि तळ खडकाळ तिथेच, कारण गाळात चाक रुतलं की दिवस गेला. कुणाचा बांध आडवा आला तर वाट काटकोनात वळायची. पुढे खडी आली, डांबर आलं, नळकांडी पूल झाले, पण आखणी तीच राहिली. म्हणून गावरस्त्याच्या प्रत्येक वळणामागे खालच्या जमिनीचं काहीतरी म्हणणं असतं.

आपण मोठा रस्ता सोडून आडवाटेला लागलो हे कडेचे दगड सांगतात. किलोमीटरच्या दगडाचा माथा पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्यमार्ग, काळा असेल तर जिल्हा मार्ग, आणि केशरी दिसला की समजायचं, ग्रामीण रस्ता. रस्त्यांची ही उतरंड आपल्याच राज्यातल्या एका शहरात ठरली. डिसेंबर १९४३मध्ये देशभरातले मुख्य अभियंते नागपुरात जमले आणि त्यांनी रस्त्यांचे पाच वर्ग पाडले: राष्ट्रीय, राज्य, प्रमुख जिल्हा, इतर जिल्हा आणि ग्रामीण. तेव्हा आपला जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. पण पुढे इथल्या कागदोपत्रीही तीच वर्गवारी आली, आणि २००० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्राम सडक योजनेने केशरी दगड वाड्यावस्त्यांपर्यंत नेले.

वेगाचं गणित अगदी साधं आहे. ताशी शंभरने गाडी सेकंदाला अठ्ठावीस मीटर जाते, ताशी तीसने आठ मीटर. अठ्ठावीस मीटरच्या उडीत रस्त्याकडेचं सगळं पुसलं जातं आणि उरतात ते लांबचे डोंगर. तिशीत कुंपणावरची घाणेरीची फुलंही मोजता येतात. आणि एक गंमत अशी की या वेगाला जवळचं-लांबचं यातला फरक डोळ्यांना अक्षरशः दिसू लागतो. जवळची बाभूळ झपकन मागे जाते, मधली टेकडी हळूहळू सरकते, आणि पलीकडचा दौलताबादचा देवगिरी किल्ला आपल्याबरोबर चालत राहतो. गाडीतली लहान मुलं हमखास विचारतात, तो डोंगर आपल्या मागे का येतोय? उत्तर असं, की आपण शंभर मीटर पुढे गेलो तर वीस मीटरवरच्या झाडाकडे बघण्याची दिशा पार बदलते, पाच किलोमीटरवरच्या डोंगराची मात्र अंशभरच. मेंदू या फरकावरून अंतराचा अंदाज बांधतो. जवळच्या ताऱ्यांची अंतरं मोजायला खगोलशास्त्रज्ञ हीच युक्ती वापरतात. गाडीच्या जागी ते पृथ्वी घेतात, आणि रस्त्याच्या जागी तिची सूर्याभोवतीची कक्षा.

पडेगाव, मिटमिटा, शरणापूर ओलांडून दौलताबादच्या बाजूला निघालं की देवगिरी अशी बराच वेळ सोबत करतो. हा किल्ला नीट पाहायचा तर आधी दुरूनच पाहावा. भोवतालच्या रानातून एकटीच वर आलेली दोनेकशे मीटरची टेकडी, आणि तिचा खालचा भाग सभोवार तासून उभा केलेला, जवळजवळ पन्नास मीटरचा ताशीव कडा. यादव राजा पाचव्या भिल्लमाने ११८७च्या सुमारास इथे राजधानी केली. निसर्गाने जिन्याची एक पायरी झिजवून सुळक्यासारखी बाजूला काढून ठेवली होती. माणसाने छिन्नी घेऊन तिची चढण तेवढी काढून टाकली.

१३२७मध्ये मुहम्मद तुघलकाने राजधानी दिल्लीहून इथे हलवली. दिल्लीकरांच्या त्या फरफटीच्या कहाण्या आपण ऐकलेल्या असतात. मला मात्र त्याच शतकात आलेल्या इब्न बतूताची एक नोंद अधिक भावते. दिल्ली ते दौलताबाद ही चाळीस दिवसांची वाट दोन्ही बाजूंनी झाडांनी वेढलेली असून वाटसरूला बागेतून चालल्यासारखं वाटतं, असं त्याने लिहून ठेवलं आहे. इथल्या द्राक्ष-डाळिंबांना वर्षातून दोनदा बहर येतो, हेही त्याने टिपलं. म्हणजे रस्त्याची शोभा बघत जाणारा प्रवासी या भागाला सातशे वर्षांपासून माहीत आहे.

आज या रस्त्यांवर सावली धरतात ते वड. बुंध्यांवर गेरू-चुन्याचे पट्टे ओढलेले, पारंब्या ट्रकच्या टपाच्या उंचीवर आपोआप छाटल्या गेलेल्या. उन्हाळ्यात अशा वडाखाली गाडी थांबवून वर बघावं. लाल फळांवर हरियाल बसलेले असतात, पण पानांत इतके मिसळलेले की फळाचं टरफल अंगावर पडतं तेव्हा त्यांचा पत्ता लागतो. वडाचं फूल कुणाला दिसत नाही, कारण ते फळाच्या आत उमलतं. एका फळात शेकडो बारीक फुलं. त्यांच्यापर्यंत पोचणारा कीटक जेमतेम मिलिमीटर-दोन मिलिमीटरचा, गांधीलमाशीच्या गणातला. त्याची मादी फळाच्या टोकाच्या अरुंद भोकातून आत घुसते, घुसताना बहुधा पंख गमावते, अंडी घालते, सोबत आणलेले परागकण फुलांवर टाकते आणि तिथेच मरते. तिच्या पिल्लांतल्या माद्या पंख घेऊन बाहेर पडतात आणि दुसरा वड गाठतात. वड त्या कीटकाशिवाय बी धरत नाही, कीटक वडाशिवाय वाढत नाही. एखादा रस्ता रुंद करताना ओळीने वड तोडले जातात तेव्हा हा सगळा संसार उठतो, आणि नव्या रस्त्याच्या दुभाजकात कण्हेर लावून तो भरून येत नाही. मला हे पाहताना फार वाईट वाटतं.

दौलताबादच्या वेशीतून पुढे घाट लागतो. इथे जिना उलगडून दाखवलेला आहे. रस्त्यासाठी डोंगर कापला आहे तिथे, मागून गाडी येत नाही हे बघून, जरा कडेला थांबावं. खाली घट्ट, काळा, उभ्या भेगांचा कातळ. त्याच्या वर ठिसूळ, करडा, भोकाभोकांचा खडक. लाव्हा पसरला की वरची साय लवकर थिजते आणि आतून वर येणारे वायूचे बुडबुडे तिच्यात अडकतात. पोटातला लाव्हा सावकाश निवतो, म्हणून तो घट्ट होतो. विहिरी खणणारी माणसं या बुडबुड्यांच्या खडकाला मांजऱ्या म्हणतात. ऊन-पाऊस त्याला लवकर खातात, काळ्या पाषाणाला उशिरा. म्हणून मऊ थराचा उतार होतो आणि कठीण थराचा कडा. उतार, कडा, उतार, कडा. महाराष्ट्रातल्या बहुतेक सह्याद्रीचा आणि अजिंठ्याच्या रांगेचा आकार या एका गोष्टीने घडवला.

बुडबुड्यांची भोकं नंतर रिकामी राहिली नाहीत. खडकातून फिरणाऱ्या गरम पाण्याने त्यांच्यात खनिजं आणून भरली. रस्त्याच्या कामासाठी फोडलेल्या खडीत असा दगड सापडतो. बाहेरून मळकट, कडेला पांढरे ठिपके. उन्हात धरून थोडा फिरवला की एखाद्या भोकाच्या आत सुईच्या अग्राएवढे स्फटिक लखकन चमकतात. काही पंख्यासारखे उघडलेले, काही टोकदार, काही चक्क हिरवट. ही बहुतेक झिओलाइटच्या कुळातली खनिजं. अजिंठ्याच्या पायथ्याशी विक्रेते हातात धरून दाखवतात ते मोठे स्फटिक याच घराण्यातले. संग्रहालयांत आणि संग्राहकांच्या कपाटांत जगभर इथले नमुने मानाने ठेवलेले असतात, आणि आपल्याकडे ते रस्त्याच्या भरावात पडतात.

घाटांतल्या कापांत कुठे कुठे दोन काळ्या थरांच्या मध्ये विटेसारख्या रंगाचा एक पट्टा दिसतो. कुठे वीतभर, कुठे कमरेएवढा. माझ्या मते या भागात बघण्यासारखी सगळ्यात थरारक गोष्ट हीच, आणि तिच्यापाशी कुठलीही पाटी नाही. खालचा लाव्हा ओतला गेला, थिजला आणि मग बराच काळ काहीच घडलं नाही. पाऊस पडत राहिला, खडक कुजत राहिला, त्याची माती झाली. मग पुन्हा लाव्हा आला आणि त्या मातीवरून वाहत गेला. तिच्यातलं लोह आधीच गंजून तांबडं झालेलं, वरून ही धग. अर्ध्या मिनिटात आपली गाडी तो पट्टा ओलांडते. तो साचायला लागलेला वेळ हा दोन महापुरांमधला विसावा होता.

हे सगळं कधी घडलं? सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी. यातला बहुतांश लाव्हा दहा लाख वर्षांच्या आत बाहेर आला, असं आता मानलं जातं. आजही हा खडक सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे, पश्चिमेला सह्याद्रीत त्याची जाडी दोन किलोमीटरच्या वर जाते. त्याच काळात मेक्सिकोतल्या युकातानच्या किनाऱ्यावर एक लघुग्रह आदळला आणि डायनोसॉर संपले. त्यांच्या अंतात आपल्या लाव्हाचा वाटा किती, यावर अजून वाद चालू आहे.

आणि कुठे घडलं? इथेच, असं म्हणावंसं वाटतं. पण तेव्हा ही जमीन इथे नव्हती. भारत हे हिंदी महासागरातलं एक मोठं बेट होतं आणि आजचा मराठवाडा विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता. याचा पुरावा खडकाच्या पोटात आहे. लाव्हा निवताना त्यातले लोहयुक्त कण त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा पकडून थिजतात. ती दिशा जमिनीशी किती कलती आहे यावरून तो खडक कुठल्या अक्षांशावर जन्मला ते काढता येतं. १९५६मध्ये क्लेग, डॉइच आणि ग्रिफिथ्स या संशोधकांनी दख्खनच्या खडकांवर हे मोजमाप प्रसिद्ध केलं आणि भारत हजारो किलोमीटर उत्तरेला सरकला असल्याचं दाखवून दिलं. खंड सरकतात ही कल्पना तेव्हा पुष्कळ भूशास्त्रज्ञांना मान्य नव्हती. ती मान्य होण्यात आपल्या या काळ्या दगडाच्या साक्षीचा मोठा वाटा आहे.

खुलताबादला पोचलं की रस्ते फुटतात. एक वेरूळला उतरतो, एक म्हैसमाळला चढतो, एक फुलंब्रीकडे जातो. वेरूळच्या उतरणीला डोंगराची जी कड दिसते तीच लेण्यांची कड. कैलास लेणं आठव्या शतकात, राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात, माथ्यापासून पायथ्याकडे कोरत नेलं. असं कोरायचं तर तीसेक मीटर खोलीपर्यंत दगडाने दगा द्यायला नको. मधेच ठिसूळ थर किंवा तांबडा पट्टा लागला असता तर शिखर कोरून झाल्यावर पाया निसटला असता. कारागिरांनी डोंगर निवडतानाच त्याचा अभ्यास केला असणार, हे खडकाकडे बघूनच पटतं. कन्नडजवळच्या पितळखोऱ्याला दगडाची अशी साथ मिळाली नाही. इसवी सनापूर्वीची ही लेणी, शिल्पं अप्रतिम, पण कातळ झिजरा. दर्शनी भाग कोसळले आहेत, आणि पाझरणाऱ्या पाण्याला वाट करून देण्यासाठी केलेल्या खटाटोपाच्या खुणा तिथे आजही दिसतात.

खुलताबाद-फुलंब्री हा रस्ता माझ्या फार आवडीचा. दोन्ही बाजूंना टेकड्या, मधे गिरिजा नदीचं खोरं. पावसाळ्याच्या शेवटी उतारांवर तेरड्याचा गुलाबी रंग, बांधांवर तरवडाची पिवळी फुलं, कुर्डूचे रुपेरी-गुलाबी तुरे. खाली मका, कापूस, तूर आणि ठिबकच्या नळ्यांवर अद्रक. मुरमाड, पाणी न धरणारी जमीन अद्रकाला मानवते, कारण कंद पाण्यात बसले की सडतात; म्हणून या टेकड्यांच्या कुशीत ते इतकं दिसतं. खडकाने पीक ठरवलं, ते असं.

अशाच एका रस्त्यावर विहिरीपाशी एक आजोबा बसले होते. विचारलं, "बाबा, विहीर बघू का जरा?" म्हणाले, "बघा की. पण कडंला नका जाऊ, मुरूम निसटतोय." वाकून पाहिलं तर घाटात बाजूने दिसलेला जिना इथे सरळ खाली गेलेला. वर दोन-अडीच हात काळी माती, मग पिवळट मुरूम, मग मांजऱ्या, तळाशी काळा पाषाण. मांजऱ्या जिथे पाषाणाला टेकतो तिथे एक ओली रेघ, आणि तिच्यातून चमकत उतरणारं पाणी. "झिरा तिथंच लागला," बाबा म्हणाले. "शेजाऱ्यानं आमच्यापेक्षा खोल नेली, पण त्याला खडकच लागला निस्ता." घट्ट बेसाल्टमध्ये पाणी मुरायला जागा नसते, ते राहतं भेगांत, आणि झिजलेल्या, बुडबुड्यांच्या थरात. या एका बांधावर पाणी आणि पलीकडच्या बांधावर कोरड, याचं मूळ त्या लाव्हाच्या निवण्यात आहे. वर्षाला सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या मुलखात त्या ओल्या रेघेवर घरं उभी आहेत आणि मोडलीही आहेत.

टेकड्या सोडून गंगापूर, वैजापूर, पैठणकडच्या रस्त्यांना लागलं की रंग बदलतो. गोदावरीच्या बाजूची ही खोल काळी जमीन. तीही त्याच खडकाची, लाखो वर्षं झिजून, वाहून येऊन साचलेली. तिच्यातल्या चिकणमातीचे कण पातळ पापुद्र्यांचे असतात आणि पापुद्र्यांच्या फटींत पाणी शिरलं की ते फुगतात. पावसाळ्यात सगळं रान फुगतं, उन्हाळ्यात आकसतं आणि हात आत जाईल एवढ्या भेगा पडतात. वरची भुसभुशीत माती त्या भेगांत पडते, पुढच्या पावसात आत जाते. जमीन स्वतःला उलथवत राहते.

इकडच्या रस्त्यांवर गाडी लाटांवरून गेल्यासारखी वरखाली होते, कडेला लांबच लांब चिरा दिसतात, आणि आपण ठेकेदाराला शिव्या घालतो. कधी त्याचा दोष असतोही. पण डांबराखाली जमीन श्वास घेत असते. रस्त्याच्या मध्यभागी ती झाकलेली असल्याने ओल फारशी बदलत नाही, कडांना मात्र ती दर ऋतूत भिजते आणि वाळते. मधला भाग स्थिर, कडा हलत्या. म्हणून चिरा उभ्या, कडेला समांतर पडतात. काळ्या रानातले विजेचे खांब एकसारखे कललेले दिसतात त्यालाही हीच माती कारण. उपाय म्हणून खाली मुरमाचा जाड थर देतात. डोंगरातला खडक अर्धवट झिजला की मुरूम, पूर्ण झिजला की काळी माती. एकाच घराण्यातला धाकटा थोरल्याला सावरून धरतो.

हीच माती शाळू पिकवते. सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरलेली रब्बीची ज्वारी पुढे पाऊस नसताना, फक्त जमिनीने धरून ठेवलेल्या ओलीवर आणि थंडीच्या दवावर माणसापेक्षा उंच वाढते. फुगलेल्या पापुद्र्यांतलं पाणी ती महिनोन्महिने खालून ओढत असते. डिसेंबर-जानेवारीत कणसात दाणा भरतो पण टणक झालेला नसतो. आतल्या साखरेचं पुरतं पीठ झालेलं नसतं. तेवढ्या काही दिवसांतच हुरडा. गोवऱ्यांच्या आगटीत कणीस भाजायचं, तळहातांवर चोळायचं, फुंकर मारून फोलपटं उडवायची, आणि गरम हिरवे दाणे शेंगदाण्याच्या चटणीबरोबर तोंडात टाकायचे. शहराच्या आसपास हल्ली हुरड्याचे फलक लागतात, तिकडेही मजा येते. पण आडवाटेला एखाद्या ओळखीच्या शेतात बोलावणं आलं तर ते चुकवू नये. एका आठवड्याने तोच दाणा भाकरीचा झालेला असतो.

आता उत्तरेकडची टोकाची पायरी. वेरूळ, हतनूर, कन्नड असा रस्ता पठारावरून जात राहतो आणि कन्नडच्या पुढे पठार अचानक संपतं. समोर खानदेश, खूप खाली. हा औट्रम घाट, आणि त्याला लागून गौताळा अभयारण्य. १९८६मध्ये जाहीर झालेलं, सुमारे २६० चौरस किलोमीटरचं. सलई, धावडा, पळस, साग. मार्चमध्ये पानं झडलेल्या उतारांवर पळस पेटतो तेव्हा लांबून धूर का दिसत नाही, असा प्रश्न पडतो.

या कड्यावर उभं राहून पावसाचा विचार करावा. काठाच्या दक्षिणेला पडलेला थेंब शिवना नदीला जातो, लासूरवरून गोदावरीत, नाथसागरात, आणि अडला नाही तर नांदेड, राजमहेंद्री करत बंगालच्या उपसागराला. उत्तरेला वाऱ्याने ढकललेला त्याच सरीतला दुसरा थेंब कड्यावरून पडतो, गिरणेला मिळतो, गिरणा तापीला, आणि तापी सुरतेपाशी खंबातच्या आखाताला. उपखंडाच्या दोन बाजूंचे दोन समुद्र, आणि त्यांची वाटणी करणारी रेषा आपल्या गाडीच्या चाकांखालून गेलेली असते. गोदावरी १४६५ किलोमीटर वाहते, तापी ७२४. आपला जिल्हा या रेषेच्या दोन्ही अंगांना आहे. सोयगाव तालुका तापीच्या खोऱ्यात आणि बाकीचा जवळजवळ सगळा गोदावरीच्या. अजिंठ्याची वाघूर नदीही तिकडचीच, उत्तरेला उतरणारी.

घाटाच्या पायथ्याशी चाळीसगावच्या बाजूला पाटणादेवी. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने इथे मठ स्थापल्याचा शिलालेख तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा आहे. भाऊ दाजी लाड यांनी तो एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. भास्कराचार्यांच्या लीलावतीतली गणितं या कड्याच्या सावलीत शिकवली जात होती.

कन्नडचा हा औट्रम घाट मात्र रहदारीचा आहे, तिथे निवांत बघत उतरता येत नाही. त्यासाठी पूर्वेला जावं. कन्नडहून पिशोर, भराडी, मग सिल्लोडच्या वर उंडणगाव आणि हळदा. हा सगळा पट्टा पठाराच्या काठाने जातो. मका काढणीला आला की रस्त्याच्या एका अंगाला पिवळीधमक कणसं वाळत घातलेली असतात, आणि गाड्या काहीही न बोलता दुसऱ्या अंगाने जातात. तारेवर नीलपंख बसलेला, उडाला की निळ्या रंगाचा झोत. थांबून वाट विचारली तर उत्तराआधी प्रश्न येतो: "कुठून आलात दादा?" आणि मग "उतरा की, चहा घ्या." तो चहा घ्यावा. पुढच्या रस्त्याचे खड्डे, वाहून गेलेला पूल, कुठल्या नाल्याला पाणी आहे, हे कुठल्याही नकाशापेक्षा त्या ओट्यावर नेमकं कळतं.

हळद्यानंतर वेताळवाडीचा घाट लागतो आणि एका वळणावर वेताळवाडीचा किल्ला सबंध तटबंदीसह शेजारी येऊन उभा राहतो. रस्ता त्याच्या अंगालगत खाली जातो, त्यामुळे किल्ल्याखालचे थर एकेक करून डोळ्यांच्या पातळीला येतात. जवळच जंजाळ्याच्या डोंगरात घटोत्कच लेणी. वाकाटकांचा मंत्री वराहदेव याचा लेख तिथे आहे आणि अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यातही. दोन्ही लेणी याच काठावरच्या कड्यांत कोरलेली, एकाच माणसाच्या नावाची.

जायचं तर सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत जावं. तेव्हा उतार हिरवे असतात आणि कडे अजून ओले, त्यामुळे काळा थर आणि तांबडा पट्टा लांबूनही वेगळे ओळखू येतात. भर पावसात घाटात दरड पडते, तेव्हा नको. सकाळी लवकर निघालं तर तिरप्या उन्हात पायऱ्यांच्या कडा ठळक दिसतात. दुपारी त्या सपाट होतात. सोयगावला उतरून फर्दापूरमार्गे अजिंठ्याचा घाट चढला की तोच जिना पुन्हा पायथ्यापासून माथ्यापर्यंत बघायला मिळतो, आणि तिथून सिल्लोड, फुलंब्री करत अंधार पडायच्या आत शहरात येता येतं.